बारा पेट्या, एक गिरमीट

४ नोव्हेंबर

आज इथे आले. खोली माडीवर आहे. एक खाट, एक टेबल, उत्तरेकडे खिडकी. उजेड चांगला. टेबल डुगडुगत होते, पायाखाली चकती घातली.

बाबा म्हणत, नव्या जागी पहिल्याच दिवशी पाहून लिहून ठेवावे. नंतर डोळ्यांना सवय होते आणि वाकडे सरळ दिसू लागते. म्हणून लिहिते.

काम असे. खाली मुलांची शाळा आहे, तीन ते पाच वर्षांच्या मुलांची. त्यांच्यासाठी लाकडी ठोकळ्यांच्या बारा पेट्या करायच्या. शिवाय शाळा चालवणाऱ्या बाई लहान मुलांच्या शिक्षणावर पुस्तक लिहीत आहेत, त्यातल्या आकृत्या काढायच्या. बाईंची गोष्टींची पुस्तके घरोघरी वाचली जातात. शाळेला मात्र गाव ‘खेळायची शाळा’ म्हणते. इमारत गावच्या मंडळाची आहे. मार्चमध्ये मंडळ येऊन पाहणार आणि ती शाळेकडे ठेवायची की नाही ते ठरवणार. ठेवली तर माझेही काम पुढे चालेल. नाही ठेवली तर दादाकडे परत.

दादाकडे म्हणजे बाबांच्या कारखान्यात. तिथे तराजू, मापे, मोजपट्ट्या आणि त्यांच्या पेट्या होतात. मी बाबांच्या शेजारच्या बाकावर काम शिकले. बाबा मे महिन्यात गेले आणि कारखाना दादाचा झाला. दादाने मला जा म्हटले नाही. राहा असेही म्हटले नाही. राहणारच, हे धरून चालला होता.

स्वयंपाक आणि झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला टेबलाखाली वाकलेले पाहिले. म्हणाल्या, “आल्या आल्या टेबलाचे पाय मोजायला बसली. आमच्याकडे मोजपट्टी आली म्हणायची.” आता मला तेच नाव पडेल असे दिसते.

९ नोव्हेंबर

पडले.

इथे एक नियम आहे. मुलांच्या खोलीत मोठ्या माणसाने हात पाठीमागे ठेवायचे. मूल मागेल तेव्हाच पुढे आणायचे. मी कारण विचारले. बाई म्हणाल्या, “अगं, आपले हात फार आगाऊ असतात.”

नियम मला सोयीचा आहे. मुलांना नेमके कुठे धरायचे असते ते मला कळत नाही.

चार वर्षांची एक मुलगी आहे, सगळ्यांना कामाला लावते. मावशी तिला मुकादम म्हणतात. ती आज माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुझी आई कुठाय?”

“नाही.”

“मग तुझे केस कोण विंचरतं?”

“मीच.”

“मागचेपण?”

मी हो म्हटले. ती मागे जाऊन पाहून आली.

२१ नोव्हेंबर

पहिली आकृती बाईंना दाखवली. ठोकळे समोरून, वरून आणि बाजूने. रेषांत खोट काढण्यासारखे काही नव्हते, हे मला ठाऊक आहे.

बाईंनी ती खिडकीपाशी नेऊन पाहिली. “सुरेख आहे. पण यात मूल कुठाय?”

“आकृती ठोकळ्यांची आहे.”

“पुस्तक ठोकळ्यांचं नाही ना.”

“मुलाचं माप ठरलेलं नसतं, बाई. दर महिन्याला बदलतं.”

बाई म्हणाल्या, “हे वाक्य मी चोरणार आहे बरं का.” त्यात चोरण्यासारखे काय होते ते मला समजले नाही. आकृती परत मिळाली. कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीने लिहिले आहे: हात?

बाईंची लिहिण्याची रीत विचित्र आहे. नवी गोष्ट मुलांना वाचून दाखवतात आणि कुणी जांभई दिली की तिथे रेघ मारतात. आज पानभर रेघा पडल्या. त्या हसत होत्या, पण नंतर एकट्याच मुलांच्या एका बुटक्या खुर्चीवर बराच वेळ बसून राहिल्या, चहा गार होईपर्यंत. विचारावेसे वाटले. काय विचारायचे ते ठरेना, म्हणून वर आले.

१४ डिसेंबर

बाराही पेट्या झाल्या. लिहिण्यासारखे काम झाले आहे. झाकण ठेवले की आतली हवा हलकेच बाहेर पडते आणि झाकण आपल्याच वजनाने खाली उतरते. अगदी बारीक आवाज येतो. बाबा तेवढ्यासाठी कारखान्यातली ठोकाठोक थांबवायला लावत.

इथे ऐकवायला कुणी नव्हते. मावशी बाजारात गेल्या होत्या. मी स्वतःच दोनदा ऐकला.

१६ डिसेंबर

एकही पेटी उघडली नाही.

मुलांनी ओढले, आपटले, एकाने दाताने प्रयत्न केला. दोघे रडले. मी नियमाप्रमाणे हात पाठीमागे धरून उभी होते. नखे तळव्यात रुतली होती, ते नंतर दिसले. मावशी दारातून म्हणाल्या, “मोजपट्टी, पेट्या केल्यास की तिजोऱ्या?”

कारण साधे आहे. झाकण इतके नेमके बसते की ओढताना हवेला आत शिरायला वाट मिळत नाही. कुणीतरी आतून धरून ठेवावे तसे होते. म्हणून अशा पेटीच्या तळाला टाचणीएवढे भोक पाडतात. आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक पेटीला असते. मला हे लहानपणापासून ठाऊक आहे.

पण मी ते कधी पाडलेले नाही. पेटी पुरी झाली की मी ती डाव्या हाताला, बाबांच्या बाकावर सरकवत असे. ते बारीक गिरमीट घेत, भोक पाडत, भुसा फुंकत आणि पेटी परत देताना म्हणत, “घे, आता श्वास घेईल.” मग ती माझ्या दृष्टीने पुरी होई.

इथेही पुरी झालेली प्रत्येक पेटी मी डाव्या हाताला सरकवून ठेवली होती. बाराही. इथे डाव्या हाताला भिंत आहे.

चूक माझी. दादाला गिरमीट पाठवायला लिहिले. इथल्या बाजारात मिळते ते जाड आहे, त्याने पातळ तळ चिरेल.

१७ डिसेंबर

पेट्या वर न्यायला गेले. बाई म्हणाल्या, “राहू देत तिथेच.”

“त्या सदोष आहेत, बाई. मुलं रडली.”

“दोघं रडली. बाकीची विचार करताहेत.”

मी म्हटले, विचार करून हवेचा दाब कमी होत नाही. बाई म्हणाल्या, “बघू या.” हे ‘बघू या’ त्या फार वेळा म्हणतात आणि मग खरोखर बघत बसतात, हात पाठीमागे घेऊन.

११ जानेवारी

दादाचे उत्तर नाही. पेट्या अजून मुलांच्या खोलीतच आहेत. मुले त्यांचे मनोरे रचतात, त्यांवर बसतात. ठोकळे आत वाजतात, ते ऐकायला आवडते त्यांना.

आज वेगळे घडले. इथे एक मुलगी आहे, कुणाशी बोलत नाही, भिंतीला टेकून बसते. मावशी तिला गोगलगाय म्हणतात. तिच्या पायाशी पेटी होती. मुकादम आली, तिने झाकण धरले आणि हुकूम सोडला, “तू खालून धर.” गोगलगायीने धरले. मुकादमीणबाईंनी हिसका मारला. काही झाले नाही. पुन्हा हिसका. मग बहुधा थकून, तिने नुसते धरून हळूहळू ओढले. खालची सोडत नव्हती. हवेला वेळ मिळाला. झाकण उठले.

हिसका दिला तर उघडत नाही. हळू ओढले तर एकटीच्या हातांना तेवढा दम नसतो. दोघींनी धरले आणि दोघींनी घाई केली नाही, तरच उघडते. हे मला सुचायला हवे होते.

त्या दोघींनी ठोकळ्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. झाकण लावले आणि पुन्हा उघडले. जेवायची वेळ होईपर्यंत तेच. मी वर जाऊन खिडकीशी उभी राहिले. डोळ्यात काहीतरी गेले होते, बहुधा लाकडाचा भुसा. आज मी लाकूड तासले नव्हते, पण तो कपड्यांत राहतो.

४ फेब्रुवारी

बाईंशी वाद झाला. त्यांनी पुस्तकात लिहिले आहे: पेटी अशी असावी की ती एका मुलाला एकट्याने उघडता येऊ नये. ही सातवी आकृती, ती मी काढायची.

मी म्हटले, “हे खोटं आहे. ती युक्ती नव्हती, चूक होती. भोक पाडायचं राहिलं.”

“माहितेय मला.”

“मग तुम्ही माझी चूक पद्धत म्हणून छापताय.”

“आणखी कुठून मिळतात पद्धती?” बाई म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसत बसल्या. “मला हे वीस वर्षांत सुचलं नाही. मी एका मुलाला एक खेळणं देत राहिले. भांडणं नकोत म्हणून. केवढी शांतता असायची खोलीत. लोक कौतुक करायचे. मलाही बरं वाटायचं, कारण मी स्वतः तशीच वाढले होते. एका खोलीत, एक खेळणं घेऊन.”

मी विचारले, आकृतीत लाकडाची जाडी दाखवायची का. त्या म्हणाल्या, दाखव. आणि हात काढ.

आकृती काढली. पेटी, झाकण, जाडी. हातांच्या जागी बाण दाखवले, कोणत्या दिशेने धरायचे त्याचे. परत आली.

३ मार्च

मंडळ आले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश, आणि बरोबर दोन सभासद. बाईंनी हात पाठीमागे घ्यायला सांगितले. सभासदांनी घेतले. न्यायाधीश म्हणाले, “मी इथे तपासायला आलोय,” आणि पेटी उचलली.

उघडेना. त्यांनी पेटी पोटाशी धरली, गुडघ्यांत धरली. चेहरा लाल झाला. मुले गोळा झाली. मुकादम म्हणाली, “आजोबा, ते एकट्याने नाही उघडत. खाली बसा. हिसका नका मारू, ती ऐकत नाही.”

ते बसले. खाली बसताना त्यांचे गुडघे वाजले तेव्हा एक सभासद छताकडे पाहू लागला. मुकादमने झाकण धरले, न्यायाधीशांनी पेटी. उघडली. त्यांच्या तोंडावर क्षणभर जे आले ते मी पाहिले. मला वाटले, झाले, जागा राहिली.

मग ते उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, “झाकण फार वाईट बसवलंय.”

“फार चांगलं बसवलंय,” बाई म्हणाल्या.

“असेल. पण या सकाळभरात मुलं शिकली काय? अक्षर नाही, आकडा नाही.”

“धरायला शिकली.”

“धरायला?”

“दुसऱ्याचं काम होईपर्यंत धरून ठेवायला. आपल्यातल्या किती जणांना येतं?”

एक सभासद म्हणाला, त्याच्या बायकोला बाईंच्या गोष्टी फार आवडतात. मंडळी निघून गेली. संध्याकाळी निरोप आला. महिनाअखेर जागा रिकामी करायची.

मावशींनी पातेले इतक्या जोरात ठेवले की वरपर्यंत ऐकू आले. बाईंनी मुलांच्या खुर्च्या रोजच्यासारख्या ओळीत लावल्या. मी जिन्यावर उभी होते. एक खुर्ची तिरकी राहिली होती. ती नीट करायला खाली उतरावे की नाही, याचा विचार करेपर्यंत त्या आत गेल्या.

६ मार्च

दादा आला. गिरमीट घेऊन स्वतःच आला. “टपालाने कुठे पाठवतात असल्या वस्तू,” म्हणाला. माझ्या बोटांकडे पाहून म्हणाला, “बोटांवरचा सरस काढत जा गं वेळेवर. तुझी वहिनी म्हणेल, तिथे हिच्याकडे कुणी बघतं की नाही.”

मग बातमी सांगितली. मोठे काम मिळाले आहे. नव्या वजनमाप कचेरीची सगळी मापे, सगळे तराजू.

“कुठे होतेय कचेरी?”

“इथेच, या गावात. कुठल्याशा शाळेची जागा रिकामी होतेय म्हणे.”

मग त्याने आजूबाजूला पाहिले. बुटक्या खुर्च्या, खुंट्या कमरेच्या उंचीवर. “ही?”

मी हो म्हटले. दादा पेल्यातले पाणी पीत राहिला, संपल्यावरसुद्धा.

“मला ठाऊक नव्हतं,” तो म्हणाला.

“ठाऊक असतं तर घेतलं नसतंस?”

“घेतलं असतं.” दादा खोटे बोलत नाही, हे त्याचे एक चांगले आहे. “पण सांगितलं असतं तुला आधी.” थोड्या वेळाने म्हणाला, “चल माझ्याबरोबर. मापांवर खुणा पाडायला तुझ्याइतका हात कुणाचा नाही. मला आता बारीक दिसत नाही नीट. वहिनीला बोलू नकोस.”

“मापांवर नाव कुणाचं?”

“घराचं. म्हणजे माझं. पण घर एकच ना आपलं.”

मी म्हटले, उद्या सांगते. खरे तर सांगण्यासारखे काही उरले नव्हते. शाळा संपली. बाई आपल्या घराच्या पुढच्या खोलीत पाच मुलांना घेऊन बसणार आहेत. मला देतील ते जेवण आणि एक कोपरा. तिकडे बाक आहे, उजेड आहे, काम आहे, आणि ते मला उत्तम येते.

जेवणाआधी दादाने एक पेटी उचलली, अंगठ्याने तळ दाबून एकट्याने उघडली आणि उलटी करून पाहिली. “भोक?”

“राहिलं.”

त्याने गिरमीट घेतले, भोक पाडले, भुसा फुंकला. अगदी तसेच. बाबांचे पुढचे वाक्य मात्र तो बोलला नाही. मला वाटते, त्याला ठाऊक नसावे. तो पलीकडच्या दालनात असे.

७ मार्च

बाकीच्या अकरा पेट्यांना दादा आज भोके पाडणार होता. म्हणाला, जाण्याआधी काम पुरे करून जाऊ, लोकांनी नावे ठेवायला नकोत. त्याआधी त्याने ती एक दुरुस्त पेटी मुलांच्या खोलीत ठेवली आणि हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. मी नियम सांगितला होता.

मुकादमने पेटी घेतली. “धर,” ती गोगलगायीला म्हणाली. ती यायच्या आतच झाकण निघाले, एका हाताने. मुकादम झाकण हातात घेऊन बसली. तिने ते लावले. पुन्हा काढले. गोगलगाय दोन पावलांवर उभी होती, हात पुढे करून. कुठे धरायचे ते तिला कळत नव्हते. थोड्या वेळाने ती परत भिंतीशी जाऊन बसली.

मुकादम पेटी घेऊन माझ्याकडे आली. “ही बिघडली,” म्हणाली. “नीट करून दे.”

मी पेटी वर आणली. त्याच लाकडाचा तुकडा होता. भोकात बसेल अशी काडी तासली, सरस लावला. काडी ठोकताना पेटी हलत होती. दादा दारात उभा होता. मी म्हटले, “धर.”

त्याने दोन्ही हातांनी धरली. मी काडी ठोकली, वरून तासून सपाट केली, बोट फिरवले. लागत नाही.

“एवढ्या निगुतीनं चूक करताना मी आजवर कुणाला पाहिलं नाही,” दादा म्हणाला. अजून पेटी धरूनच होता.

“झालं. सोड.”

“तू येत नाहीयेस,” तो म्हणाला.

मी म्हटले, आकृत्या अजून पुऱ्या झालेल्या नाहीत.

“आकृत्या,” दादा म्हणाला. मग हसला, बाबा हसत तसा, फक्त नाकाने. “बरं. पुऱ्या झाल्या की?”

“बघू या.”

तो दुपारच्या गाडीने गेला. अकरा पेट्या तशाच आहेत. गिरमीट टेबलावर राहिले. विसरला असेल. टपालाने पाठवता येण्यासारखी वस्तू नाही.

२९ मार्च

सामान बाईंच्या घरी हलवले. पुढची खोली लहान आहे, खिडकी पूर्वेला, त्यामुळे सकाळीच काय तो उजेड. टेबलाच्या डाव्या हाताला जागा ठेवली आहे.

मावशीही आल्या. त्यांना कुणी बोलावले नव्हते. म्हणाल्या, “तुम्हा दोघींना मीठ कुठं असतं ते तरी ठाऊक आहे का?” हवा दमट आहे, लाकूड फुगले आहे. पेट्या लावताना एका पेटीचे झाकण मला अंगठ्याच्या युक्तीनेही उघडेना. मी ती घेऊन चुलीपाशी गेले.

“मावशी, जरा धरता का?”

मावशींनी हात पुसले. “आली गं बाई,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, हिची पट्टी मोडेल पण ही कुणाला हाक मारायची नाही.”

१८ एप्रिल

पाच मुलांत मुकादम आहे. गोगलगाय नाही. तिच्या घरच्यांनी तिला पाठवले नाही. मुकादम पहिले दोन दिवस पेटी घेऊन दाराशी बसली होती. बाई हात पाठीमागे घेऊन बघत होत्या, मीही. तिसऱ्या दिवशी ती पेटी घेऊन माझ्या टेबलाशी आली. मी आकृती काढत होते.

“हात दे,” म्हणाली.

सातवी आकृती आज पुरी झाली. पेटी, झाकण, लाकडाची जाडी. बाण काढून टाकले. चार हात आहेत. वरचे दोन मुकादमचे. ती हलत असल्यामुळे रेषा थोड्या जाड आल्या. खालच्या दोन हातांपुढे बाई थांबल्या.

“हे मापाने मोठे झालेत गं,” त्या म्हणाल्या. “नखात सरससुद्धा आहे. दुरुस्त करायचे का?”

मी नाही म्हटले.